थॅडियस स्टीव्हन्स : चौदाव्या घटनादुरुस्तीमागचा वकील

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केला. त्या लोकांपैकी लिंकन आपल्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत आहेत, पण थॅडियस स्टीव्हन्स हे नाव फारसं कानावर येत नाही. गुलामी गेली, आता पुढे काय, हा प्रश्न त्यांच्याइतका नेटाने क्वचितच कुणी लावून धरला असेल.

त्यांचा जन्म १७९२ साली व्हरमाँटमध्ये झाला. एक पाय जन्मतः अधू, वडील घर सोडून गेलेले. आईने कष्ट करून शिकवलं. पुढे पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गला त्यांनी वकिली सुरू केली.

१८२१ च्या एका खटल्यात ते चक्क गुलाम-मालकाच्या बाजूने उभे राहिले. त्या राज्याच्या कायद्यानुसार मालकाने गुलामाला सलग सहा महिने पेनसिल्व्हेनियात ठेवलं, तर तो मुक्त होई. या खटल्यातली गुलाम स्त्री चॅरिटी बटलर तिथे थोडे थोडे दिवस येऊन राहिली होती. हे तुकडे जोडून सहा महिने धरता येणार नाहीत, असा निकाल लागला आणि ती मुलांसकट गुलामीतच राहिली. हा डाग झाकू नये. पुढे मात्र त्यांनी पळून आलेल्या गुलामांची बाजू लढवली. क्रिस्तियाना इथे पळालेल्यांना पकडायला आलेला मालक मारला गेला, तेव्हा १८५१ च्या देशद्रोहाच्या खटल्यात ते बचाव पक्षात होते. आरोपी निर्दोष सुटला.

१८३५ मध्ये पेनसिल्व्हेनियातला मोफत शाळांचा कायदा रद्द होऊ घातला होता. विधिमंडळातल्या त्यांच्या भाषणाने तो वाचला.

अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीसाठी ते झटले : देशात जन्मलेला तो नागरिक, आणि कायद्याचं संरक्षण सर्वांना समान. कृष्णवर्णीयांना थेट मताधिकार तीत नव्हता. आपण समाधानी नाही, हे सभागृहात उघड सांगूनच त्यांनी तिला पाठिंबा दिला. १८६८ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्यावरच्या महाभियोगाच्या वेळी त्यांना चालवत नव्हतं, खुर्चीत बसवून आणावं लागे. सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, तो महाभियोग एका मताने फसला. त्याच ऑगस्टमध्ये ते वारले. वंशभेद न पाळणारी दफनभूमी त्यांनी आधीच निवडून ठेवली होती.

मताधिकार १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने आला. बड्या जमीनदारांच्या जमिनी घेऊन मुक्त कुटुंबांना चाळीस-चाळीस एकर द्यावेत, ही त्यांची योजना मात्र बारगळली, आणि दक्षिणेतली असंख्य कुटुंबं पुढे बटाईने गोऱ्या जमीनदारांचीच शेतं कसत राहिली.