ग्रेहाउंडला बसताच येत नाही म्हणे!

ग्रेहाउंड, म्हणजे शर्यतीत धावणारा कुत्रा, नुसता पळतो, त्याला ‘बस’ शिकवता येत नाही, म्हणून आज्ञापालनाच्या स्पर्धेत त्याला उतरवण्यात अर्थ नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. साफ चूक. त्याला बसता येतं. फक्त आवडत नाही. मांड्यांचे स्नायू भरदार, अंगावर चरबी नावाला, कातडी पातळ. कडक फरशीवर बसवून पाहा: ढुंगण जमिनीपासून दोन बोटं वर तरंगत राहतं आणि चेहऱ्यावर ‘झालं का?’ असा भाव. त्यात शर्यतीतून निवृत्त झालेल्या कुत्र्याला बहुधा आधी कुणी ‘बस’ म्हटलेलंच नसतं. याला मठ्ठपणा म्हणायचं म्हणजे कमालच!

आधी मऊ गादीवर आडवं व्हायला शिकवा. मग खाऊ नाकासमोरून हळूहळू वर न्या. पुढचं अंग उचलत तो आपसूक बसता होतो. पाच-सहा वेळा जमलं की थांबा. तेच तेच घोटून घेतलं तर गडी सरळ तोंड फिरवतो.

अ‍ॅजिलिटीत, म्हणजे अडथळ्यांच्या खेळात, अडचण वेगळीच. ताशी ६० किलोमीटरच्या वर धावू शकणाऱ्या या लांब टांगांना आखूड वळणं आणि ओळीतल्या खांबांमधून नागमोडी जाणं जड जातं. तिथे त्याला पळायला नव्हे, पावलं आवरायला शिकवावं लागतं.