फोटोग्राफीची मूलतत्त्वं

फोटोग्राफी म्हणजे समोरून येणारा प्रकाश लेन्समधून आत घेऊन फिल्मवर किंवा सेन्सरवर टिपायचं तंत्र, आणि त्याच तंत्राने काय दाखवायचं नि काय गाळायचं हे ठरवायची कला. शिकवताना बरेचदा याचे दोन तुकडे करतात, आधी बटणं शिका मग कलेचं बघू, आणि नवशिक्यांची गाडी तिथेच अडते, कारण कॅमेऱ्यातलं जवळपास प्रत्येक सेटिंग फोटो कसा दिसणार हेच ठरवत असतं. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत यायचं भोक, उघडलं की उजेड वाढतो हे खरंच, पण त्याच वेळी मागचं झाड धूसर होतं, म्हणजे झाड फोटोत हवंय की नको हा प्रश्न तुम्ही नकळत सोडवून टाकलेला असतो. एक्स्पोजर (फोटोला किती उजेड मिळतो ते), लेन्स आणि अंतर, प्रकाश, फ्रेम ही मूलतत्त्वं. त्यात एक्स्पोजर सगळ्यात जास्त वेळ खातं, म्हणून इथेही त्यालाच जास्त जागा दिलीय.

इतिहास थोडक्यात. टिकून राहिलेला सगळ्यात जुना कॅमेऱ्यातला फोटो फ्रान्सच्या निसेफोर निएप्सने १८२६-२७ च्या सुमारास घराच्या खिडकीतून काढला, कथलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर डांबराचा थर देऊन, आणि त्याला इतके तास लागले की समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेलं दिसतं. १८३९ मध्ये लुई दागेरची फोटो काढायची पद्धत जाहीर झाली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये फॉक्स टॅलबटने कागदी निगेटिव्हवरून पॉझिटिव्ह छापायची वाट काढली आणि फिल्मचा पुढचा सगळा काळ त्याच वाटेने गेला. १९७५ मध्ये कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसनने डिजिटल कॅमेरा बनवला, १०० बाय १०० पिक्सेलचा, एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. माध्यम बदललं, पण किती मोठ्या भोकातून किती वेळ उजेड आत घ्यायचा हे गणित आजही तेच आहे.

एक्स्पोजर

एक्स्पोजर तीन गोष्टींवर ठरतं असं सगळीकडे सांगतात, ॲपर्चर, शटर स्पीड (उजेड किती वेळ आत येतो) आणि आयएसओ (मिळालेला उजेड किती वाढवून दाखवायचा). तिन्ही 'स्टॉप'मध्ये मोजतात, एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मं, बस. शटरचं सोपं आहे, १/१२५ सेकंदाच्या निम्मं १/२५०. आयएसओ पण तसंच, १००, २००, ४००, ८००. गोंधळ होतो तो ॲपर्चरच्या आकड्यांनी, १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२, हे असे तिरपागडे का आणि आकडा मोठा तर भोक लहान हे कसलं उलटं? उलटं काही नाही, तो भागाकार आहे. लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला आकडा) भागिले भोकाचा व्यास. ५० मिलिमीटरची लेन्स एफ/२ वर असेल तर भोक २५ मिलिमीटरचं, एफ/४ वर १२.५ चं. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव होतं, म्हणजे उजेड दोन स्टॉपने कमी, म्हणून एका स्टॉपसाठी आकड्याला दोनाच्या वर्गमुळाने, साधारण १.४ ने गुणायचं. हे एकदा कागदावर करून बघितलं की ती रांग पाठ करावी लागत नाही.

आता खरी गंमत. ढगाळ पण उजेड चांगला आहे, आयएसओ १००, आणि कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर म्हणतोय एफ/८ ला १/१२५. मग एफ/२.८ ला १/१००० पण चालेल आणि एफ/२२ ला १/१५ पण चालेल, आत येणारा उजेड तिन्ही वेळा तेवढाच. समोर कारंजं असेल तर एफ/२.८ च्या फोटोत थेंब न् थेंब हवेत सुटा लटकलेला दिसतो आणि मागची माणसं ओळखू येत नाहीत, एफ/२२ च्या फोटोत पाण्याचा धूर झालेला असतो आणि मागच्या बाकाच्या फळ्यासुद्धा मोजता येतात. मीटरच्या हिशेबाने दोन्ही फोटो 'बरोबर' आहेत. कुठला हवाय हे मीटर सांगू शकत नाही, आणि ऑटो मोडची अडचण नेमकी ही आहे, तो वाईट फोटो काढतो असं नाही, पण हा निर्णय तो तुम्हाला न विचारता घेतो. त्यासाठी लगेच फुल मॅन्युअलवर उडी मारायची गरज नाहीये (मॅन्युअलचं उगाच स्तोम माजवलंय), ॲपर्चर प्रायॉरिटी किंवा शटर प्रायॉरिटीवर एक गोष्ट आपण धरायची आणि दुसरी कॅमेऱ्याला बघू द्यायची, एवढ्यावर आयुष्यभर फोटो काढणारे लोक आहेत.

शटर काय करू शकतो याचं सगळ्यात जुनं उदाहरण दागेरचंच आहे, १८३८ चा पॅरिसमधल्या बुलव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचा फोटो. रस्ता वाहता होता, पण एक्स्पोजर काही मिनिटांचं असल्याने गाड्या-घोडे-माणसं कोणीच उमटलं नाही, कोपऱ्यात बूट पॉलिश करून घेणारा एक जण तेवढा एका जागी उभा होता म्हणून तो दिसतो. आणि बरोबर उलट टोक म्हणजे फोटोग्राफर एडवर्ड मायब्रिज, १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात त्याने धावत्या घोड्याच्या वाटेवर ओळीने कॅमेरे लावून दाखवून दिलं की एका क्षणी घोड्याचे चारही पाय हवेत असतात, जे नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हतं आणि चित्रकार वर्षानुवर्षं चुकीचं काढत होते. हातात धरून फोटो काढताना जुना ठोकताळा असा की शटर निदान १ भागिले फोकल लेंग्थ इतका तरी ठेवा, २०० मिलिमीटरला १/२०० च्या खाली जाऊ नका. आता स्टॅबिलायझेशनमुळे बरंच खाली जाता येतं, पण ते फक्त आपला हात सावरतं. समोरचं पोरगं हललं तर ते हललेलंच येणार.

आयएसओ वाढवला की सेन्सर जास्त संवेदनशील होतो असं म्हणायची पद्धत आहे, प्रत्यक्षात मिळालेला सिग्नल तेवढा मोठा करून दाखवला जातो. फोटोत जो दाणेदार कचकचाट (नॉईज) दिसतो तो मुळात उजेड कमी मिळाल्याचा असतो. नॉईजला लोक फार घाबरतात. दाणेदार पण स्थिर फोटो वापरता येतो, हललेला चेहरा कुठल्याच सॉफ्टवेअरने धड नीट होत नाही, तेव्हा अंधारात आयएसओ वाढवायला कचरू नये.

मीटर फसतो कुठे हे कळलं की एक्स्पोजरचं निम्मं शिक्षण झालं. कॅमेऱ्यातला मीटर समोरचं सगळं मिळून मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. बर्फ दाखवा, तो बर्फ करडा करतो. काळी भिंत दाखवा, तीही करडीच करतो. म्हणून बर्फावर कॉम्पेन्सेशन (मीटरने सांगितलेल्यापेक्षा उजेड कमी-जास्त करायचं सेटिंग) एक ते दोन स्टॉप प्लस करायचं आणि काळ्यावर मायनस, जे नवीन माणसाला हमखास उलटं वाटतं, एवढं पांढरं समोर असताना अजून उजेड वाढवायचा? हो, वाढवायचा. अमेरिकेतले फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या आसपास यावर 'झोन सिस्टिम' बसवली, गडद काळ्यापासून कोऱ्या पांढऱ्यापर्यंत ० ते १० असे झोन, आणि शटर दाबायच्या आधी ठरवायचं की समोरची कुठली वस्तू छापील फोटोत कुठल्या झोनमध्ये बसवायची. ॲडम्सचा हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा जो प्रसिद्ध फोटो आहे, १९४१ चा, त्या वेळी त्याला लाइट मीटरच सापडेना, कबरींच्या क्रॉसवरचं ऊन तर निघून चाललेलं. पण चंद्राचा उजेड किती असतो हा आकडा त्याला पाठ होता, २५० कँडल दर चौरस फूट, त्यावरून त्याने डोक्यातच हिशेब केला, एफ/३२ ला एक सेकंद. दुसरी प्लेट घ्यायला होल्डर फिरवतोय तोवर ऊन गेलं, निगेटिव्ह एकच राहिली. (हा किस्सा त्यानेच सांगितलाय. फोटोची तारीख मात्र त्याच्या लक्षात नव्हती, ती नंतर खगोल अभ्यासकाने चंद्राच्या जागेवरून काढली.)

आता झोन कोणी मोजत बसत नाही, हिस्टोग्राम आहे, म्हणजे फोटोतले गडद भाग डावीकडे आणि उजळ भाग उजवीकडे दाखवणारा आलेख. तो उजवीकडच्या कडेला चिकटला तर हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, उडाले, आणि डिजिटलमध्ये उडालेला हायलाइट परत येत नाही, तिथे माहितीच नसते. सावल्या बऱ्यापैकी वर ओढता येतात. निगेटिव्ह फिल्मचं याच्या उलट, तिथे सावल्यांना पुरेसा उजेड द्यायचा, हायलाइट ती सांभाळून घेते.

लेन्स आणि अंतर

वाइड लेन्स (कमी फोकल लेंग्थची, रुंद दृश्य घेणारी) नाक मोठं करते हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि ते खरं नाही. नाक मोठं होतं कारण वाइड लेन्सने चेहरा फ्रेममध्ये भरायला तुम्ही फार जवळ जाता, आणि तेवढ्या जवळून नाक आणि कान यांच्या अंतरातला फरक जाणवण्याइतका होतो. पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळच्या नि लांबच्या गोष्टी एकमेकींच्या मानाने केवढ्या दिसतात ते, फक्त कॅमेरा कुठे उभा आहे यावर ठरतं, लेन्स फक्त त्यातला किती भाग कापून घ्यायचा ते ठरवते. खात्री करायची तर एकाच जागी उभं राहून एक फोटो २४ मिलिमीटरला आणि एक ८५ ला काढा, २४ चा मधला तुकडा क्रॉप करा, दोन्हींतली मांडणी तंतोतंत जुळते. म्हणून झूम फिरवण्याआधी पाय हलवायला सांगतात. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फुल फ्रेम सेन्सरला ५० मिलिमीटर 'नॉर्मल' धरतात, त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरला तोच कोन कमी फोकल लेंग्थला मिळतो, साधारण १.५ ने भागून.

डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढे-मागे किती भाग शार्प दिसतो ते, ॲपर्चर, अंतर आणि फोकल लेंग्थ या तिघांवर ठरतं, पण शिकणारा फक्त ॲपर्चर धरून बसतो. एफ/१.८ ची लेन्स नसली तरी विषयाच्या जवळ जा आणि बॅकग्राउंड लांब असू द्या, तेवढ्यानेही बराच ब्लर मिळतो. आणि सगळं शार्प हवं म्हणून एफ/२२ लावायचं तर डिफ्रॅक्शनमुळे (लहान भोकातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) सगळाच फोटो किंचित मऊ पडतो, एफ/८-११ वर लेन्स बहुधा खूश असते.

प्रकाश

प्रकाश किती आहे यापेक्षा तो कुठून येतो आणि उगम केवढा मोठा आहे हे फोटोत जास्त दिसतं. उगम विषयाच्या मानाने मोठा असेल तर सावलीची कड मऊ, लहान असेल तर कडक. सूर्य प्रचंड आहे पण इतका लांब आहे की आपल्याला तो ठिपकाच, म्हणून दुपारी डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात, आणि ढग आले की अख्खं आभाळच दिवा बनतं. सरावाला खिडकीसारखी जागा नाही. एका माणसाला खिडकीला काटकोनात बसवा, खिडकीकडचा गाल उजळ, दुसरा सावलीत. त्याला जागचं न हलवता चेहरा हळूहळू खिडकीकडे वळवायला सांगा, सावलीतल्या गालावर आधी डोळ्याखाली उजेडाचा एक त्रिकोण उमटतो, मग तो पसरत जातो, मग सावली जवळजवळ संपते आणि चेहरा सपाट दिसायला लागतो. आता त्याला दुप्पट लांब बसवा, उजेड भरकन उतरतो (लहान दिव्याला तर हिशेबच आहे, अंतर दुप्पट की उजेड पाव), पण चेहऱ्यावरच्या आणि मागच्या भिंतीवरच्या उजेडातला फरकही कमी होतो, म्हणजे काळी दिसणारी भिंत दिसायला लागते. पोर्ट्रेटमधलं बॅकग्राउंड दिव्याच्या अंतराने काळं-पांढरं करता येतं, पडदा न बदलता, हे बऱ्याच जणांच्या फार उशिरा लक्षात येतं.

प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, साधा पिवळा बल्ब २७००-३००० च्या आसपास, भर दिवसाचं ऊन ५५०० च्या आसपास, सावली त्याहून निळी. व्हाइट बॅलन्स म्हणजे यातलं पांढरं कशाला मानायचं ते. रॉ फाइलमध्ये (सेन्सरने टिपलेली, कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली माहिती) हे नंतर निवांत बदलता येतं, जेपेगमध्ये ओढाताण होते, कारण जेपेग ८ बिटचा, दर रंगाला २५६ पायऱ्या, आणि १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४.

फ्रेम

एक तृतीयांशाचा नियम, म्हणजे फ्रेमचे आडवे-उभे तीन-तीन भाग पाडून विषय त्या रेषांवर ठेवायचा, सगळ्यांना आधी शिकवतात. जॉन थॉमस स्मिथने १७९७ मध्ये निसर्गचित्रांबद्दल लिहिताना तो मांडला होता, म्हणजे फोटोग्राफीच्याही आधीचा. सुरुवातीला विषय मधोमध ठोकायची सवय मोडायला तो बरा, त्यापलीकडे त्याला फार मान द्यायचं कारण नाही. त्यापेक्षा फ्रेमच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवायची सवय लावावी, डोक्यातून उगवलेला खांब आणि अर्धवट कापलेला हात तिथेच सापडतात.

काय गाळायचं याचं उत्तम उदाहरण अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगचं. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या तळावर तिने एका आईचे नि मुलांचे मोजके फोटो घेतले, दर फोटोला अजून थोडं जवळ जात. लांबच्या फोटोत तंबू आहे, सामान आहे, आजूबाजूची जागा आहे, परिस्थिती सगळी कळते. जगाने लक्षात ठेवला तो सगळ्यात जवळचा, ज्यात तंबू जवळजवळ गायब आहे, दोन मुलांनी तोंडं फिरवलीयत आणि आईचा हात गालापाशी आहे. मुलांनी कॅमेऱ्याकडे बघितलं असतं तर नजर तिघांत वाटली गेली असती. पुढे लँगने त्या निगेटिव्हच्या कोपऱ्यातला एक अंगठाही रिटच करून फिका करून घेतला, त्यावरून वाद झालाच.

क्रॉप करावं (काढलेल्या फोटोच्या कडा कापाव्या) की नाही यावरही वाद जुनाच आहे. फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ कॅमेऱ्यातच फ्रेम पक्की करणारा, नंतर कापाकापी त्याला नापसंत, आणि बरेच शिक्षक त्याचा दाखला देऊन विद्यार्थ्यांना क्रॉप करू देत नाहीत. पण साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्याचा जो फोटो सगळीकडे दाखवतात, १९३२ चा, पॅरिसच्या सां-लाझार स्टेशनमागचा, तो क्रॉप केलेलाच आहे. कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून लेन्स घालून त्याने तो काढला होता आणि डाव्या बाजूला फळी आली होती.