काँक्रीट उन्हात वाळून पक्के होते का?

एप्रिल-मे महिन्यांत कोकणातल्या वाड्यांमधून साकव (ओढ्यावरचे छोटे पूल) आणि पाखाड्यांची (पायऱ्यांच्या वाटांची) कामे पावसाआधी उरकण्याची घाई असते, आणि तेव्हा हमखास ऐकू येते की, ऊन कडक आहे, दोन दिवसांत काँक्रीट वाळून पक्के होईल. हा समज जुना असला तरी चुकीचा आहे. सिमेंट वाळून नव्हे, तर पाण्याशी रासायनिक अभिक्रिया होऊन घट्ट होते. पाणी उडून गेले की ही अभिक्रिया अर्धवट राहते. पाखाडीच्या नव्या पायरीवर बोट घासल्यावर पांढरट भुकटी लागते, ती बहुधा याचीच खूण. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटचे काँक्रीट किमान ७ दिवस, कोरड्या व उष्ण हवेत १० दिवस, आणि फ्लाय अ‍ॅश (औष्णिक वीजकेंद्रातील कोळशाची बारीक राख) मिसळलेल्या सिमेंटचे तर एरवीही किमान १० दिवस सतत ओले ठेवावे लागते. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवणे (आपल्याकडची आवडती पद्धत) म्हणजे सतत नव्हे. भिजवलेली गोणपाटे अंथरावीत किंवा मातीचे बांध घालून पाणी साठवावे. मात्र विहीर आटली म्हणून खाडीचे पाणी मारू नये, कारण त्यातील क्लोराइड आत झिरपून सळया गंजवते आणि गंज फुगून वरचे काँक्रीट फोडतो.