महाविद्यालयीन लोककला संग्रहालय (ग्रामीण विदर्भ)

महाविद्यालयाच्या आवारात उभे राहणारे, पण पंचक्रोशीतल्या लोकांच्या वस्तूंवर आणि राबत्यावर चालणारे छोटे कलासंग्रहालय. विदर्भाला संग्रहालये नवी नाहीत. नागपूरचा ‘अजब बंगला’, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ पासूनचा. ग्रामोद्योगांना वाहिलेले वर्ध्याचे मगन संग्रहालय १९३८ चे. पण भामरागड किंवा धारणीच्या मुलांना नागपूर फार लांब पडते, आणि तालुक्याचे कॉलेज त्यांच्या रोजच्या वाटेवर असते.

संग्रह : झाडीपट्टी नाटकांचे रंगवलेले पडदे, भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती, बंजारा भरतकाम, ढोकरा ओतकाम, गडचिरोलीचे बांबूकाम, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल. तिफण ही कलावस्तू की अवजार, असा वाद कधी निघतो. तिचे चाडे हातात घेऊन पाहावे : लाकडात कोरलेली वाटी, तळाशी तीन भोके, आणि मुठीतून सुटलेले बी तिन्ही नळ्यांत सारखे उतरावे म्हणून साधलेला उतार. सुताराची ही नजर शिल्पकाराचीच आहे. कोरकूंचे सागवानी स्मृतिस्तंभ (मुंडा) मात्र उपटून आणू नयेत. ते मृतांचे आहेत, त्यांची छायाचित्रे पुरेत. शेतात सापडलेली मूर्तीही परस्पर दालनात ठेवता येत नाही. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची खबर १८७८ च्या निखात निधी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, आणि १०० वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो.

निधी : खोली बांधायला पैसा मिळतो, ती रोज उघडायला मिळत नाही; खरी अडचण इथे आहे. अनुदानित महाविद्यालयात मंजूर पदांचा पगार शासन देते, पण त्या आकृतिबंधात संग्रहपाल सहसा नसतो. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची संग्रहालय अनुदान योजना मुख्यतः उभारणी, नूतनीकरण आणि मांडणीसाठी आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्या मागील ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करतात, आणि पारंपरिक कला व हस्तकला त्यात बसतात. वणी-चंद्रपूरच्या कोळसा-सिमेंट पट्ट्यातल्या कॉलेजांनी हे दार जरूर ठोठवावे. मात्र २०२१ च्या दुरुस्तीनंतर हा पैसा संस्थेच्या कायमनिधीत टाकता येत नाही, आणि चालू प्रकल्पालाही सुरुवातीच्या वर्षानंतर ३ वर्षांचीच मुदत असते.

म्हणून कायमनिधी माजी विद्यार्थी, व्यापारी आणि गावकरी यांच्याकडूनच उभा करावा लागतो. १० लाखांवर ७ टक्के व्याज धरले तर वर्षाला ७० हजार, म्हणजे महिन्याला जेमतेम ५,८०० रुपये येतात. एवढ्यात अर्धवेळ माणूसही मुश्किलीने मिळतो. बाकीचा भार ‘कमवा आणि शिका’ योजनेतली मुले उचलू शकतात. झाडीपट्टीत गावचे मंडळ नाटक ठरवून तिकिटे विकते. कॉलेजने मंडळाबरोबर एक प्रयोग लावला तर पैसा येतो आणि माणसेही येतात. आधी माणसे येणे मला जास्त मोलाचे वाटते.

व्यवस्था : वस्तू कधीही कॉलेजच्या डेडस्टॉक रजिस्टरात चढवू नयेत. तिथे चढलेली वस्तू एक दिवस निर्लेखित होऊन भंगारात जाते. दाखल-नोंदवही वेगळी हवी; तीत देणाऱ्याचे नाव, गाव, वस्तूचे स्थानिक नाव, आणि ती दान दिली की ठेवायला दिली हे स्पष्ट लिहावे. बांबूला भुंगा लागतो, पावसाळ्यात लाकडाला उदई. लागण झालेली छोटी वस्तू प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवल्यास कीड मरते. त्यासाठी प्राणिशास्त्र विभागाचा फ्रीजर मागावा. कापडावरचा उजेड ५० लक्सच्या आत असावा. खिडकीला जाड पडदा लावला तरी बरेच साधते. दालन रविवारी आणि बाजाराच्या दिवशी उघडे हवे, कारण बायाबापड्या तेव्हाच तालुक्याला येतात.

ठेवायला दिलेली वस्तू सणाला घरी नेण्याची मुभा असावी. तान्ह्या पोळ्याला नातू आजोबांचा बैल सही करून नेतो, बोजारा मागत दारोदार फिरवतो. बैल परत आला की चाके आणि शिंगे तपासून नोंदवहीत तारीख घालतात.