तळातल्या संघाचा ट्रेड आणि ‘प्रोटेक्टेड पिक’चा गुंता

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये संघ गाळात गेला की ट्रेडचे, म्हणजे खेळाडूंच्या देवाणघेवाणीचे, प्रस्ताव सुरू होतात आणि सगळे जवळपास एकाच साच्याचे असतात. मोठ्या पगाराचा, तिशीकडे झुकलेला खेळाडू द्यायचा. बदल्यात दोन तरुण आणि पहिल्या फेरीचे तीन-चार पिक घ्यायचे. पिक म्हणजे ड्राफ्टमध्ये, नव्या खेळाडूंच्या दरवर्षीच्या निवडीत, एक खेळाडू निवडण्याचा हक्क; जास्त हरणाऱ्या संघाचा नंबर साधारणपणे आधी लागतो. वाचणारे आधी खेळाडूंची नावे बघतात. खरा सौदा मात्र पिकच्या पुढे बारीक अक्षरांत लिहिलेल्या अटीत असतो.

आयपीएल पाहणाऱ्यांना पिकचे एवढे महत्त्व सुरुवातीला उमगत नाही. 2023 च्या नोव्हेंबरात गुजरातचा कर्णधार रोख रकमेवर मुंबईकडे परतला आणि व्यवहार संपला. एनबीएत ट्रेडमधल्या रोख रकमेला वर्षाची मर्यादा आहे. त्यामुळे मोठ्या खेळाडूचे मोल पैशांत फिटत नाही, ते संघाच्या पुढच्या वर्षांतून चुकवावे लागते.

ते कसे अंगलट येते, हे क्लीव्हलँडने सर्वांत आधी दाखवले. 1980 मध्ये त्यांनी आपला 1982 चा पहिल्या फेरीचा पिक लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाला देऊन टाकला. 1982 च्या जूनमध्ये लेकर्स विजेते झाले आणि त्याच महिन्यात क्लीव्हलँडच्या पराभवांची कमाई, म्हणजे ड्राफ्टमधला पहिला नंबर, त्यांच्याच पदरात पडली. 1983 ते 1986 या चारही वर्षांचे क्लीव्हलँडचे पिक डॅलसकडे गेले होते. यातून नियम आला: पुढच्या लागोपाठ दोन वर्षी पहिल्या फेरीचा पिकच नाही, अशी वेळ कोणत्याही संघाने स्वतःवर आणायची नाही. पळवाटही निघाली. एका वर्षाचा पिक द्यायचा, पुढच्या वर्षी नुसता अदलाबदलीचा हक्क द्यायचा, म्हणजे दोघांच्या पिकपैकी वरचा नंबर समोरच्याने घ्यायचा. हाच तो ‘स्वॅप’.

2013 चा ब्रुकलिन-बोस्टन व्यवहार याच पळवाटेवर उभा होता. ब्रुकलिनने 37 आणि 35 वर्षांचे दोन दिग्गज घेतले. मोबदला 2014, 2016 आणि 2018 चे पहिल्या फेरीचे पिक, शिवाय 2017 चा स्वॅप. कशालाच संरक्षण नाही, म्हणजे नंबर कितीही वरचा आला तरी तो बोस्टनचाच. पहिल्या हंगामात ब्रुकलिन दुसऱ्या फेरीत हरले. पुढे 2015-16 मध्ये 21 विजय, 2016-17 मध्ये 20. एवढे हरूनही हाती काही नाही, कारण त्या हरण्याचे फळ बोस्टन खात होते. 2016 चा तिसरा नंबर बोस्टनला मिळाला. 2017 चा पहिला नंबर स्वॅपने आला, तो फिलाडेल्फियाला देऊन त्यांनी तिसरा नंबर आणि आणखी एक पिक घेतला. या दोन तिसऱ्या नंबरांवर निवडलेले खेळाडूच 2024 च्या विजेत्या बोस्टनचा कणा होते. ब्रुकलिनच्या प्रेक्षकांनी ती वर्षे तिकिटे काढून काढली, हे या व्यवहाराच्या कौतुकात कुणी फारसे सांगत नाही.

त्यानंतर स्टार देणारा हुशार झाला आणि घेणारा हावरा. 2019 मध्ये ओक्लाहोमा सिटीने एका स्टारच्या बदल्यात लॉस एंजेलिसच्याच दुसऱ्या संघाकडून, क्लिपर्सकडून, पाच पिक, दोन स्वॅप आणि एक तरुण गार्ड (चेंडू खेळवणारा खेळाडू) मिळवला. 2025 चे विजेतेपद त्याच गार्डच्या खांद्यावर आले. 2022 मध्ये यूटाने आपल्या सेंटरसाठी (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूसाठी) मिनेसोटाकडून चार पिक आणि एक स्वॅप घेतला.

ज्यांना एवढे द्यायचे नव्हते, त्यांनी ‘टॉप-10 प्रोटेक्टेड’चा आधार घेतला. आमचा नंबर पहिल्या दहांत आला तर पिक आमचाच. अकरावा किंवा त्यापुढचा आला तर तुमचा. ऐकायला विमा वाटतो. पण अकराव्याऐवजी दहावे राहण्यात फायदा आहे, हे संघाला मार्चमध्येच कळते, आणि विम्याचे आमिष होते.

7 एप्रिल 2023, डॅलस विरुद्ध शिकागो. हंगामातले शेवटून दुसरे मॅच. प्ले-इनची, म्हणजे बाद फेरीत शिरण्याच्या शेवटच्या संधीची, आशा अजून जिवंत होती. डॅलसचा 2023 चा पिक टॉप-10 संरक्षणासह न्यूयॉर्कला देणे होता. मुख्य खेळाडूंपैकी काहींना बसवले; डॅलसचा स्लोव्हेनियन स्टार दुसरा क्वार्टर जेमतेम सुरू होताच बाहेर आला, आणि तेही स्लोव्हेनियाच्या चाहत्यांसाठी राखलेल्या संध्याकाळी. निकाल 112-115. प्ले-इन गेले. लीगने साडेसात लाख डॉलर दंड केला.

पिक मात्र वाचला. तळाच्या संघांचे ड्राफ्टमधले नंबर ठरवणाऱ्या लॉटरीत दहावा नंबर आला. तो देऊन डॅलसने बाराव्या नंबरावर घेतलेला सेंटर पुढच्याच वर्षी त्यांच्यासोबत अंतिम फेरीत खेळला. न्यूयॉर्कला 2024 मध्ये मिळाला तो चोविसावा नंबर. साडेसात लाखांत एवढे मिळत असेल तर त्याला शिक्षा म्हणणे मला पटत नाही.

तळाच्या संघांना हरण्याची भूल पडू नये म्हणून 2019 पासून लॉटरीची गणिते बदलली होती. पूर्वी सर्वांत वाईट संघाला पहिल्या नंबराची शक्यता 25 टक्के असे. 2019 च्या बदलाने तळाच्या तिघांना प्रत्येकी 14 झाली. तळाची ओढ त्याने काहीशी कमी झाली. दहाव्या-अकराव्या जागेवरच्या ओढीला मात्र कुणी हात लावला नाही, कारण ती लॉटरीने नव्हे, दोन संघांतल्या कराराने निर्माण केली होती. यूटानेही ओक्लाहोमाला टॉप-10 संरक्षणाचा पिक देणे होता. 2024 मध्ये त्यांचा नंबर दहावा आला, 2025 मध्ये पाचवा. दोन्ही वेळा पिक यूटाकडेच राहिला.

त्यातच लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या 2023 च्या करारात ‘सेकंड एप्रन’ आला. संघाच्या एकूण पगाराची ती रेषा ओलांडलेल्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक महागडा खेळाडू घेता येत नाही आणि सात वर्षांनंतरच्या ड्राफ्टचा पहिल्या फेरीचा पिकही गोठतो, म्हणजे ट्रेडमध्ये देता येत नाही. श्रीमंत संघांकडून उद्याचे पिक काढून घेणे त्यामुळे अवघड झाले. आता नवा प्रस्ताव आला की मी आधी दोन गोष्टी बघतो: घेणारा संघ त्या रेषेच्या वर आहे का, आणि पिकवरचे संरक्षण कितव्या नंबरापर्यंतचे आहे.