रोजची चावी की आठवड्याची? टाळू रुंद करणाऱ्या दोन प्लेट्स

राम मारुती रोडवरचं क्लिनिक असो की नेरूळच्या डेंटल कॉलेजची ओपीडी, घरी येताना आईबाबांच्या लक्षात एवढंच राहतं: मुलाला प्लेट बसवलीय आणि चावी फिरवायचीय. मग शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहितं, ‘आम्ही तर रोज फिरवतो’. झालं. आठवड्यातून एकदा फिरवायची प्लेट त्या घरी रोज फिरू लागते.

चावी दोन्हींची सारखीच, स्क्रूही सारखाच दिसतो. पाव फेरा मारला की दोन्ही साधारण 0.2 ते 0.25 मिलिमीटरने उघडतात. फरक आहे तो प्लेट कशाला धरून बसलीय यात. पहिल्या प्रकारात दाढांभोवती धातूचे पट्टे सिमेंटने पक्के केलेले असतात आणि टाळूच्या मधोमध जाड स्क्रू असतो. हा ‘हायरॅक्स’ मुलाला काढता येत नाही. दुसरी म्हणजे गुलाबी ॲक्रिलिकची, तारेच्या क्लिपांवर अडकणारी, काढघालीची प्लेट.

वरच्या जबड्याचे दोन भाग टाळूच्या मधल्या रेषेत सांध्याने जोडलेले असतात. वयात येताना हा सांधा हळूहळू घट्ट होत जातो, मुलींमध्ये बहुधा लवकर. हायरॅक्स रोज एक किंवा दोन पाव फेरे फिरवतात, म्हणजे दातांना हाडात सरकायला वेळच मिळत नाही आणि जोर थेट सांध्यावर येतो. दोन-तीन आठवड्यांत काम उरकतं. काढघालीची प्लेट आठवड्याला एक-दोन पाव फेरे एवढीच सोसते. तिच्याने मुख्यतः दात बाहेरच्या बाजूला कलतात, सांधा फारसा उघडत नाही. ती रोज फिरवली तर क्लिपा दात सोडतात, प्लेट डुगडुगते आणि तिची कड हिरडीत रुतते. काम लवकर होत नाहीच, उलट तोंडात जखम होते.

म्हणूनच तोंडात दिसणारी एकच खूण दोन प्लेट्सच्या बाबतीत वेगळी वाचावी लागते. हायरॅक्स सुरू झाल्यावर आठवड्या-दहा दिवसांत वरच्या पटाशीच्या दोन दातांमध्ये फट पडते. पालक घाबरतात, पण ती पडायलाच हवी, सांधा उघडल्याची ती खूण आहे. हिरडीतले ताणलेले तंतू पुढच्या काही महिन्यांत ते दात आपोआप जवळ ओढतात, म्हणून घरचा रबर लावून फट मिटवू नये, तो हिरडीखाली सरकून दात गमवायची वेळ आणतो. फट पडलीच नाही, दुखणं वाढतंय आणि दाढा बाहेर झुकताहेत, तर फिरवणं थांबवून डॉक्टरांना गाठा. हळू फिरणाऱ्या प्लेटमध्ये अशी फट सहसा पडत नाही. त्यामुळे ‘आमच्या मुलाला फट नाही, प्लेट चालत नाही वाटतं’ म्हणून फेरे वाढवू नका.

नाकाचंही तसंच. हायरॅक्समध्ये हाडाबरोबर नाकपुड्यांचा पायाही साधारण मिलिमीटर-दोन मिलिमीटर रुंदावू शकतो. समोरासमोर पाहताना ते क्वचितच जाणवतं. चावी फिरवल्यावर नाकाच्या मुळाशी काही मिनिटं दाब जाणवणं हे नेहमीचं. श्वास काहींचा मोकळा होतो, पण निव्वळ घोरणं थांबावं म्हणून हा उपचार करून घेऊ नये, त्यासाठी आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी ॲडेनॉइड, म्हणजे नाकामागच्या गाठी, तपासायला हव्यात.

टाळू लाल झाला तर आधी प्लेट कोणती ते पाहा. हायरॅक्सखाली मिसळीचं फरसाण अडकतं, टाळूची त्वचा सुजते आणि स्क्रूवर चढू पाहते. सुई नसलेल्या 10 मिलीच्या सिरिंजने प्रत्येक जेवणानंतर स्क्रू आणि टाळू यांच्यामधून जोरात पाणी मारा. चिक्की, आंबापोळी आणि च्युइंगम बंद. काढघालीच्या प्लेटखाली मात्र तिच्याच आकाराचा, कडेला रेघ ओढल्यासारखा लाल पट्टा उठला असेल, तर तो बहुधा न धुता तीच प्लेट दिवसरात्र घातल्याने झालेला बुरशीचा संसर्ग असतो. प्लेट धुवायला मऊ ब्रश, साबण आणि गार पाणी पुरतं. गरम पाण्यात टाकलीत तर ॲक्रिलिक वाकडं होतं आणि प्लेट पुन्हा बसत नाही.

बोलण्यात पहिले काही दिवस अडखळणं दोन्हींत आलंच. ॲक्रिलिक टाळूच्या पुढच्या भागावर असल्याने ट, ठ, ळ जड होतात, त्यामुळे ‘ठाणे’ म्हणायलाही कष्ट पडतात. मोठ्याने वाचन करून घ्या.

आता चावी. हायरॅक्ससाठी मुलाला आडवं झोपवा, टॉर्च धरा, चावीला दोरा बांधून तो आपल्या मनगटाला अडकवा, कारण ती घशात निसटू शकते. पुढच्या भोकात घालून घशाच्या दिशेने ढकला, पुढच्या बाजूला नवं भोक पूर्ण दिसेपर्यंत. चावी काढताना ती पुढे ओढली तर फेरा निम्मा परत उलटतो आणि दुसऱ्या दिवशी चावी आतच जात नाही. ही चूक फार होते. काढघालीची प्लेट तोंडाबाहेर काढून, बाणाच्या दिशेने फिरवा. प्रत्येक फेरा तारखेसह कॅलेंडरवर लिहा. हायरॅक्सचा पट्टा एका बाजूने सुटला तर फिरवणं बंद, आणि तो घरी ओढून काढू नका.

फिरवून झाल्यावरही हायरॅक्स साधारण तीन ते सहा महिने तसाच राहतो, कारण उघडलेल्या सांध्यात हाड भरायला तेवढा वेळ लागतो आणि टाळूची ताणलेली त्वचा दोन्ही भागांना मागे खेचत असते. काढल्यावर टाळूवर खड्डे नि लाली दिसते, ती काही दिवसांत ओसरते. काढघालीची प्लेट मात्र चार दिवस डब्याच्या रुमालात राहिली तरी बसेनाशी होते. तेव्हा ती दाबून बसवू नका. डॉक्टरांना विचारून स्क्रू एक-दोन पाव फेरे मागे घ्या आणि बसली की तिथून पुन्हा सुरू करा.