लाल पक्ष्यांचे निरीक्षण

तांबड्या, किरमिजी किंवा गुलाबी पिसांचे पक्षी वाळवंटी व डोंगराळ अधिवासांत शोधून त्यांची जाती, लिंग आणि जमल्यास वय ठरवणे. मुंबईत हा छंद जुना आहे; 1883 मध्ये येथे स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहाचा व नोंदींचा त्याला आधार मिळाला.

पिसांची लाली बहुतेक जातींत कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे येते. पक्ष्याला ही द्रव्ये शरीरात घडवता येत नाहीत, ती अन्नातून मिळतात. अन्नातील पिवळ्या द्रव्याचे लाल द्रव्य करणाऱ्या विकराचे जनुक 2016 मध्ये कॅनरी व झेब्रा फिंच या पक्ष्यांच्या अभ्यासातून पुढे आले. पोपटांचे लाल रंगद्रव्य मात्र निराळे असून ते शरीरातच तयार होते. आहारानुसार छटा बदलत असल्याने केवळ लालीवरून जाती ठरवू नये.

मुंबईजवळ, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आणि सह्याद्रीच्या झाडीत, विगर्सचा शिंजीर (सनबर्ड) व निखार (मिनिव्हेट) हे या विषयाचे खरे आकर्षण. शिंजिराच्या वर्गीकरणातील स्थानाबद्दल मतभेद झाले आहेत. विल्यम हेन्री साइक्स यांनी 1832 मध्ये त्याचे वर्णन करून प्राणिशास्त्रज्ञ निकोलस विगर्स यांचे नाव त्याला दिले. पुढे बराच काळ तो हिमालय ते आग्नेय आशियात आढळणाऱ्या किरमिजी शिंजिराची उपजाती मानला गेला. साधारणपणे 2005 पासून त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा देण्याकडे कल आहे. नराच्या लाल गळ्या-छातीवरील बारीक पिवळ्या रेषा आणि पश्चिम घाटापुरता मर्यादित आढळ पाहता हेच मत अधिक ग्राह्य वाटते. निखाराचेही असेच झाले. सह्याद्री व श्रीलंकेतील नारिंगी झाकेचा निखार आता हिमालयातील शेंदरी निखारापासून वेगळा धरतात, म्हणून जुनी नोंद वाचताना तिचे वर्ष पाहावे. निखाराची मादी पिवळी असते.

दाट झाडीत पहाटे व सांजवेळी लाल पक्षी काळपट दिसतो, कारण उजेड मंदावला की माणसाच्या डोळ्याला लाल रंग आधी दिसेनासा होतो. ऊन शेंड्यांवर आल्यावर पाहणे सोयीचे. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्षी जवळ बोलावणे टाळावे. विणीच्या काळात त्याने घरट्याकडे दुर्लक्ष होते.

वाळवंटी भागासाठी कच्छ. मोठ्या रणातील रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या वसाहतीला पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी 1945 मध्ये भेट दिली होती. रोहिताच्या पंखांतील किरमिजी रंग उडतानाच नीट दिसतो. ट्रम्पेटर फिंच हा छोटा पक्षी हिवाळी पाहुणा. अंगाचा रंग वाळूशी मिळताजुळता असल्याने सहज नजरेतून सुटतो. नराची गुलाबी छटा विणीच्या सुमारास खुलते ती नवी पिसे येऊन नव्हे, तर पिसांची फिकट टोके झिजून.

हिमालयातील रोझफिंच ओळखणे सर्वांत अवघड. माद्या तपकिरी व रेघाळ, आणि पहिल्या वर्षाचे नरही तसेच. सामान्य रोझफिंच हिवाळ्यात सह्याद्रीपर्यंत उतरतो, तेव्हा नराची लाली मंद असते. अशा वेळी भुवईची पट्टी आहे की नाही, चोच किती जाड आहे आणि शेपटीच्या वरच्या भागाचा रंग कोणता, हे आधी टिपून मगच लालीचा विचार करावा.